वाडीत ओ द्यायची नसते

१

दुपारचा चहा उकळायला ठेवला की आनंदीबाईंना वाडीतून घरात आणायचं, हे निवेदिताचं रोजचं काम. मेहनत काहीच नाही, नुसता जिवाला घोर. सासूबाईंच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली होती. सकाळी काय खाल्लं ते दुपारी ठाऊक नसायचं. पण झावळी पडल्याचा आवाज कानावर आला रे आला की बाई निघाल्याच ती ओढून कडेला लावायला. उभा जन्म वाडीत गेलेला, पायांना कोण समजावणार?

वाडी मुरुडच्या अलीकडे. रस्त्याला लागून घर, शेजारी पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, मागे नारळ, मग पोफळी, विहीर, आणि अगदी शेवटी तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे खाजण, म्हणजे तिवरांचं रान आणि चिखल. भरती आली की तो सगळा चिखल पाण्याखाली जातो, काही ठिकाणी पुरुषभर. कुंपण दोन-तीन जागी मोडलेलं. घोर होता तो त्याचा.

सलिल, निवेदिताचा नवरा, नोकरीला बेलापूरला आणि शनिवार-रविवार घरी. पनवेलजवळ अशा विसराळू म्हाताऱ्यांना सांभाळणारं एक केंद्र आहे, आईला तिथे ठेवू, असं त्याने दोनदा सुचवून पाहिलं. वाईट हेतूने नव्हे हो. निवेदिता अलिबागला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, ती तरी किती दिवस रजा काढणार?

"मी बघते," निवेदिता म्हणाली. "एकदा जरी आई माझ्या नजरेतून निसटल्या, तर तू म्हणशील ते."

असा तिने विडाच उचलला होता, आणि त्याला कारण होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती खेकड्यांवर संशोधन करत होती. नवी सून गुडघाभर चिखलात उतरते म्हणून आळीत कुजबुज झाली, तर दुसऱ्या दिवशी आनंदीबाई स्वतः पातळ वर खोचून, हातात बादली घेऊन तिच्यामागोमाग खाजणात उतरल्या. "बघू तरी काय एवढं असतं त्या कुर्ल्यांत," म्हणाल्या, आणि दोन हिवाळे त्यांनी बादली धरली. अशा बाईला केंद्रात नेऊन ठेवायचं म्हणजे काय!

आता वाडीतून बोलावून आणायचं म्हणजे हाक मारायची, असं कुणालाही वाटेल. पण त्या आळीत वाडीत हाक मारायची रीत नव्हती. कुकारा द्यायचा. तोंडाशी तळवा धरून लांब 'कूऽऽ' करायचं, आणि समोरच्याने तसंच 'कूऽऽ' करून उत्तर द्यायचं. नाव घ्यायचं नाही आणि कुणी घेतलं तर 'ओ' द्यायची नाही. लहानपणापासून सगळे असंच करत आलेले. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी निवेदिताने रोजच्यासारखा कुकारा दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. तरी नाही. धावत जाऊन बघते तर आनंदीबाई विहिरीजवळ उभ्या, आणि वर झाडाकडे बघताहेत.

"अगो निवे, कुठला पक्षी म्हणायचा हा? किती वेळ कू-कू करतोय."

कुकारा काय असतो तेच त्या विसरल्या होत्या. निवेदिताला भडभडून आलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने रीत गुंडाळून ठेवली. मागच्या पडवीत उभं राहून सरळ हाक दिली, "आई, चला, चहा झाला!"

आणि पोफळींतून लगेच आवाज आला, "ओ! आले गं, आले!"

२

चंद्राबाई घरकामाला येत असे. तोंडाची फटकळ, हाताची चलाख. ती पडवीत भांडी घासत होती, तिच्या हातातलं पातेलं निसटून गडगडत गेलं.

"वैनी, हे काय केलंव? वाडीत ओ न्हाय द्यायची."

"का पण?"

"का म्हंजे? न्हाय द्यायची."

"अगं, पण कारण काहीतरी असेल ना?"

"माजी सासू न्हाय द्यायची, म्हून मी न्हाय देत. तिची सासू न्हाय द्यायची, म्हून ती. आता तिच्या सासूला कुटं इचारायला जाऊ?" चंद्राबाईने पातेलं उचलून पुन्हा राख लावली आणि विषय तिथेच संपला.

निवेदिताला मात्र गंमत वाटली. वर्गात ती मुलांना सांगायची, झाडाला काटा दिसला की समजायचं, कुणीतरी त्याला खात होतं. काटे काही कुणी हौसेने अंगावर बाळगत नाही. कधी कधी असं होतं की खाणारं जनावर नाहीसं होतं आणि काटे मागे राहतात, पिढ्यान्‌पिढ्या, उगाचच. ही रीत त्यातलीच. कधीकाळी चोर येत असतील, किंवा नुसताच मुलांना धाक. तिने आणखी विचार केला तेव्हा तिला त्या कुकाऱ्याचं कौतुकही वाटलं. 'कू' सगळ्यांच्या तोंडी सारखाच. त्यावरून माणूस ओळखता येत नाही आणि कुणाला नाव घेऊन बोलावताही येत नाही. छान काटा आहे, ती मनात म्हणाली, आणि चहात साखर घातली.

हाक लागू पडली हे खरं. आनंदीबाई दुसरं काही विसरोत, सुनेचा आवाज ओळखून लगेच ओ देत आणि येत. अलिबागच्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, त्यांच्याशी भरपूर बोला, जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगा, कदाचित काही धरून राहतील. मग रोज उन्हं कलली की दोघी विहिरीच्या कट्ट्यावर बसायच्या आणि निवेदिता बोलायची. हा फणस सासऱ्यांनी लावला, सलिलचं नाव तुम्ही ठेवलंत, आत्याबाईंना दुसरंच हवं होतं म्हणून त्या बारशाचं जेवण न घेता गेल्या. आनंदीबाई हसायच्या. "हो का? अगोबाई!" दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, तेच हसू. निवेदिताला कंटाळा येत नसे. सगळं शांत असायचं. बोलणं ऐकायला तिथे दुसरं कोण होतं?

३

डिसेंबरात पाहुण्यांची वर्दळ वाढली. एका दुपारी निवेदिता स्वयंपाकघरात मासे तळत होती, आनंदीबाई पाटावर बसून लसूण सोलत होत्या. अचानक त्यांनी मान वर केली, "ओ! आले गं," म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या.

"आई, कुठे निघालात?"

"तूच हाक मारलीस ना."

"मी इथे आहे आई. तुमच्यासमोर."

आनंदीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे, मग पुन्हा तिच्याकडे. चेहऱ्यावर असा गोंधळ की निवेदिताने गॅस बंद करून त्यांचा हात हातात घेतला. आजार पुढे सरकतोय, दुसरं काय! डॉक्टरांनी भास होतील म्हणून बजावलंच होतं.

दोन दिवसांनी तिने स्वतः ऐकलं.

पडवीत कपडे वाळत घालत होती. आनंदीबाई आत निजलेल्या. आणि पोफळींच्या पलीकडून, अगदी रोजच्या पट्टीत, शेवटचा शब्द तस्साच जरा ओढून, तिचाच आवाज आला, "आई, चला, चहा झाला!"

हातातली चादर तशीच राहिली. आपला आवाज बाहेरून ऐकला तर ओळखू येत नाही म्हणतात, पण तिला तो तत्क्षणी ओळखू आला.

मास्तरीण ती, घाबरून घरात बसणारी नव्हे. चप्पल अडकवून निघाली. विहिरीपाशी आली, ऐकत उभी राहिली. फणसावर हालचाल झाली. काळाभोर, तुकतुकीत पक्षी, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके. भृंगराज. त्याने आधी खारीची चिरचिर काढली, मग साळुंकी, मग एसटीचा भोंगा, आणि मग चोच उघडून, "आई, चला!"

निवेदिता कट्ट्यावर बसून पोट धरधरून हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

रात्रीच्या फोनवर तिने सलिलला सांगितलं. भृंगराज नकला करतो हे काही नवं नाही. दुसऱ्या पक्ष्यांचा धोक्याचा आवाज काढतो, ते घाबरून उडतात, आणि त्यांनी टाकलेला किडा हा पठ्ठ्या खातो. फसवणारा जरा हुशार होतो, की फसणारा जरा सावध होतो, की पहिला आणखी हुशार. असे दोघे एकमेकांना घडवत जातात.

"मग आईला हाक मारून त्याला काय मिळणार?" सलिलने विचारलं.

"काहीच नाही. त्याला अर्थ थोडाच कळतो? कानावर पडलं ते काढतो."

"म्हणजे आईला भास होत नाहीयेत," सलिल म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका आनंद होता की निवेदिताला रडूच आलं.

४

मग तो पक्षी घरचाच झाला. पुण्याच्या पाहुण्यांनी त्याचे व्हिडिओ काढले. चंद्राबाई त्याला शिव्या घालायची आणि तो त्या शिकत नाही म्हणून आणखी घालायची. "माजा आवाज न्हाय काडीत मेला. माजं काय वाकडं हाय?"

"तू वाडीत बोलतेस कुठे?" निवेदिता म्हणाली. "नुसती कू-कू करतेस."

जानेवारीत एका सकाळी दोघी पडवीत बसून सुपारी कातरत होत्या. पक्षी फणसावर आला. खार झाली, साळुंकी झाली, चहाची हाक झाली. मग तो जरा थांबला आणि वेगळ्याच सुरात, हळू, लाडीगोडीने बोलला.

"इकडे या आई. अजून पुढे. चिखलाला घाबरू नका, मी आहे ना."

आवाज निवेदिताचा. शंकाच नाही.

चंद्राबाईचा अडकित्ता थांबला. "हे कदी म्हटलंव वैनी?"

"नाही म्हटलं."

"मग?"

निवेदिताने हातातली सुपारी खाली ठेवली. पक्षी वाक्य रचत नाही, ऐकतो आणि काढतो. तुकडे जोडत असेल का? 'इकडे या' ती रोज म्हणायची. 'मी आहे ना' हेही म्हणाली असेल. पण चिखल? आईंना तर ती विहिरीच्या पलीकडे कधी नेतच नव्हती. ती आठवत बसली. आणि मग तिला आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

म्हटलं होतं. पण या वर्षी नव्हे. लग्नानंतरच्या त्या पहिल्या हिवाळ्यात, आनंदीबाई बादली घेऊन तिवरांच्या कडेला थबकल्या होत्या, आणि ती पुढून हात करून त्यांना म्हणाली होती. अगदी हेच, याच सुरात. आवाजही तेव्हाचा होता, कोवळा. आता तिचा घसा वर्गात ओरडून ओरडून बसलेला.

हा पक्षी तेव्हा अंड्यातही नव्हता. म्हणजे त्याने हे तिच्याकडून ऐकलेलं नाही. मग खाजणाच्या बाजूला हल्ली कुणीतरी ते म्हणतंय, आणि तो ऐकतोय.

"वैनी, तुमी पांढऱ्याफटक पडल्याव."

"काही नाही गं. ऊन लागलं."

पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यानेच पिल्लांना शिकवलं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पुस्तकात शोधलं तर असं काही सापडलंही असतं. तिने शोधलं नाही. त्या दिवसापासून हाक मारणं बंद केलं, कट्ट्यावर बसणं बंद केलं, मागच्या दाराला वर कडी बसवून घेतली, आनंदीबाईंचा हात पोचणार नाही इतकी वर. सलिलला काय सांगायचं ते तिला सुचलं नाही. 'आई सुरक्षित नाहीत' म्हटलं की त्याचं पनवेल तयार होतंच.

५

ज्या दिवशी झालं त्या दिवशी कुणाची चूक अशी नव्हती. चंद्राबाई काम उरकून गेली होती. पाहुण्यांच्या खोलीत नळ फुटला, पाणी बाहेर यायला लागलं, निवेदिता तिकडे धावली. तेवढ्या वेळात पाहुण्यांपैकीच कुणीतरी वाडी बघायला म्हणून घरातून मागचं दार उघडून गेलं आणि पुढच्या बाजूने परत आलं. निवेदिता घरात आली तेव्हा कडी निघालेली होती. आनंदीबाईंची खाट रिकामी.

उन्हं अजून होती. भरती लागली होती. खाजणातून पाणी चढण्याचा तो बारीक बुडबुड आवाज घरापर्यंत येत होता.

पडवीत येऊन तिने आधी काय केलं असेल, तर कुकारा दिला. इतकी धास्ती तिला रीत मोडण्याची बसली होती. पण आनंदीबाईंना कुकारा कळत नव्हता. उत्तर येणार कुठून? ती वाडीत शिरली, झाडाझाडामागे बघत गेली, आणि शेवटी न राहवून ओरडली, "आई! आईऽऽ!"

"ओ! आले गं, आले!"

खाजणाकडून.

आणि लगोलग, विहिरीकडून, "ओ! आले गं, आले!"

दोन्ही आवाज आनंदीबाईंचे.

विहीर जवळ होती. खोलही होती. ती विहिरीकडे धावली. आनंदीबाई कट्ट्यावर बसल्या होत्या, फिकट निळं पातळ, पोटऱ्यांपर्यंत चिखल. तिला बघून हसल्या. निवेदिताने त्यांना मिठीच मारली. अंग गार होतं, पण चिखलातून आलेल्या माणसाचं अंग गारच असणार. "आई, कुठे गेला होतात? काय हे!" ती रडत होती, बोलत होती, त्यांना जवळजवळ उचलूनच तिने घरी आणलं. पडवीत बसवून पाय धुतले. दार लावायला उठली.

तेव्हा खाजणाकडून पुन्हा हाक आली. ह्या वेळी ओ नव्हती.

"निवे! अगो निवे! पाय रुतलाय गं माझा. हात दे."

निवेदिता जागच्या जागी उभी राहिली. पोफळींच्या खोडांमधून, कुंपणाच्या पलीकडे, तिवराची एक फांदी हलत होती. बाकी सगळं स्तब्ध, ती एकच हलत होती, कुणीतरी खालून धरून ओढावी तशी. आणि तिच्या बुडाशी काहीतरी निळं होतं. कोळ्यांच्या जाळ्याचा तुकडा असेल. खाजणात नेहमी येऊन अडकतात.

ती ओ द्यायला तोंड उघडणार तोच मागून तिचं मनगट धरलं गेलं.

"ओ देऊ नकोस," आनंदीबाई म्हणाल्या. "वाडीत ओ द्यायची नसते."

क्षणभर निवेदिताला आनंदच झाला. आठवलं! आईंना रीत आठवली! आणि दुसऱ्या क्षणी तो आनंद मावळला. कारण इतके महिने आनंदीबाईंना कुकारा आठवला नव्हता, सकाळचा भात आठवला नव्हता, आणि आज नेमकं हेच आठवलं. की चंद्राबाई तिला हे त्या दिवशी पडवीत, वाडीच्या तोंडाशी, मोठ्याने म्हणाली होती म्हणून?

"निवे! पाणी आलं गं!"

तिने सलिलला फोन लावला. धड बोलताही येत नव्हतं. सलिलने एकच विचारलं, "आई कुठे आहे?"

"इथे. माझ्याजवळ. माझा हात धरून बसल्यात."

"मग झालं तर! अगं, पक्षी तो. तूच तर मला शिकवलंस. दार लाव आणि आईला सोडून कुठे जाऊ नकोस, तुला माझी शपथ. मी निघतो."

कावळ्याच्या घरट्यात कोकिळा अंडं घालते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. कावळा मूर्ख म्हणून ते सांभाळतो असं आपण समजतो. निवेदिता वर्गात सांगायची, तसं नव्हे रे. परकं अंडं ओळखून ढकलायला जावं, आणि आपलंच ढकललं गेलं तर? जिथे दोन्हीकडून चूक होऊ शकते तिथे पाखरू बहुतेकदा घरट्यात आहे त्यालाच उबवत बसतं. मुलं ते लिहून घ्यायची.

"मला एकटीला टाकून जाऊ नकोस," आनंदीबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. खरीखुरी आसवं.

निवेदिताने दार लावलं. वरची कडी घातली. मग कानावर हात ठेवले, तरी ऐकू येत होतं. बराच वेळ येत होतं. पाणी पुरतं चढल्यावर थांबलं.

"भात वाढतेस का गं?" आनंदीबाईंनी विचारलं. "भूक लागली."

६

सलिल आला तेव्हा आई पाटावर बसून दुसऱ्यांदा जेवत होती. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तिथेच खाली बसला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला निवेदिता चंद्राबाईला घेऊन कुंपणापर्यंत जाऊन आली. चिखल सपाट होता, वर खेकड्यांच्या भोकांभोवती नवे ढीग. तिवराची एक फांदी मोडलेली. त्यावरून काय ठरवणार?

चंद्राबाईने काम सोडलं नाही, पण मागच्या बाजूने येणं सोडलं. हल्ली ती पुढच्या दारात उभी राहून आधी कुकारा देते आणि निवेदिताने आतून कुकारा दिला तरच उंबरा ओलांडते.

आणि आनंदीबाई सुधारल्या. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, तुमच्या बोलण्याचाच गुण आहे. खाणं वाढलं, अंग भरलं. फणस कुणी लावला ते त्या आपणहून सांगतात. सलिलच्या बारशाची गोष्ट तर आत्याबाईंच्या रुसण्यासकट. सलिल ऐकतो आणि त्याचे डोळे भरून येतात. पनवेलचं नाव घरात कुणी काढत नाही. निवेदिताचा विडा खरा झाला, आई तिच्या हातून निसटल्या नाहीत. निदान सगळे तसं म्हणतात.

एवढंच की आनंदीबाईंना जे आठवतं ते सगळं विहिरीच्या कट्ट्यावर सांगून झालेलं आहे. न सांगितलेलं काहीच त्यांच्या तोंडून आलेलं नाही. हे निवेदिताच्या ध्यानात येऊन महिना होत आला. रोज ती ठरवायची, आज विचारू. रोज पोळ्या व्हायच्या, भांडी व्हायची, आणि विचारणं राहून जायचं.

काल तिने विचारलं. घरात दोघीच होत्या.

"आई, माझं ते पहिलं मूल गेलं, तेव्हा दवाखान्यात तुम्ही माझ्या कानात काहीतरी म्हणाला होतात. आठवतं?"

हे ती कुणालाच बोलली नव्हती, सलिललाही नाही, वाडीत तर नाहीच. जगात ते वाक्य फक्त दोन बायकांना ठाऊक होतं.

आनंदीबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात माया होती, अगदी पहिल्यासारखी, त्यात जराही खोट काढता आली नसती.

"नाही गं आठवत," त्या म्हणाल्या. "तू सांग एकदा. मग आठवेल मला."

खाजणात पाणी चढत होतं. निवेदिताने पदराला हात पुसले, पाट ओढून त्यांच्या अगदी जवळ नेला, आणि सांगायला सुरुवात केली.